गव्हाचें पथ्य आणि घरचें सार

पथ्य हा शब्द आपल्या कुटुंबांत कोणासही नवा नाहीं. आजोबांचें मिठाचें पथ्य, काकूंचें साखरेचें, बाळंतिणीचें आंबट-तिखटाचें, अशीं तीन-चार पथ्यें एकाच चुलीवर एकाच वेळीं सांभाळण्याची विद्या आपल्या गृहिणींस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. परंतु अलीकडे एक निराळेंच पथ्य आपल्या घरांत शिरूं लागलें आहे आणि त्यानें जाणत्या गृहिणीसही गोंधळांत पाडलें आहे. तें पथ्य गव्हाचें. ज्या घरांत दोन्ही वेळां पोळी होते, सणावारीं पुरण होतें आणि प्रसादास रव्याचा शिरा होतो, त्या घरांतील एखाद्या मुलाविषयीं डॉक्टर सांगतात कीं, ह्याच्या पोटांत यापुढें गव्हाचा कणही जातां कामा नये. आणि हें पथ्य महिन्या-दोन महिन्यांचें नसून जन्मभराचें आहे. हें ऐकून आईच्या पोटांत धस्स होतें, आणि पहिला प्रश्न येतो तो असा कीं, आतां ह्यास घालावयाचें तरी काय?

पुष्कळांस आधीं सुचतें तें सूप. नाशिकांत गंगापूर रोडनें संध्याकाळीं अशोकस्तंभाकडून सोमेश्वराकडे जाऊं लागलें म्हणजे दुतर्फा खाद्यगृहें लागतात, आणि फिरून दमलेलीं मंडळी तेथें गरम सुपाच्या वाट्या पुढें घेऊन बसलेलीं दिसतात. सूप म्हणजे हलकें, पातळ, आजाऱ्यासही चालणारें, अशी आपली समजूत झाली आहे. गव्हाचें पथ्य असणाऱ्यास मात्र बाहेरचें सूप हाच सर्वांत फसवा पदार्थ होय. त्याला जो दाटपणा येतो, तो पुष्कळदां मैद्याचा असतो. त्यांत पडणारा सोयाबीनचा काळा सॉस बहुधा गहूं घालूनच आंबविलेला असतो. पाकिटांतील कोरड्या सुपांत आणि भाज्यांच्या अर्काच्या तयार वड्यांतही गहूं किंवा जव निघण्याचा संभव असतो. पोळी समोर असली तर ती पोळी आहे हें दिसतें तरी. सुपांतील गहूं दिसत नाहीं. म्हणून ह्या पथ्याचा आरंभ घरच्या सारापासून, कढणापासून आणि त्यांच्या मुळाशीं असणाऱ्या निवळीपासून करावा, हें उत्तम.

गव्हांत असें काय आहे?

गव्हाच्या पिठाचा एक गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखालीं हळूहळू चोळीत धुवा. पांढरें पाणी वाहून जाईल, तें पिष्ट. हातांत शेवटीं जो चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरेल, तें ग्लूटेन. बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या इटालियन विद्वानानें हाच प्रयोग १७२८ सालीं आपल्या व्याख्यानांत मांडला, आणि १७४५ सालीं तो प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेंत ग्लूटेन म्हणजे सरस किंवा डिंक. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, शेवया लांब ओढल्या जातात, ती सर्व ह्या चिकटपणाची करणी. गव्हाप्रमाणेंच जव आणि राय ह्या धान्यांतही त्याच जातीचीं प्रथिनें आहेत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नागली, वरई, मका, राजगिरा आणि सर्व डाळी-कडधान्यें यांत तीं नाहींत.

उन्हाळ्यांत आपण कुरडयांसाठीं गव्हाचा चीक काढतों, तेव्हां जवळजवळ हीच क्रिया घडत असते. चीक हें मुख्यतः पिष्टच. तरीही त्यांत ग्लूटेनचा अंश राहून जातो. चिकांत गहूं कोठें राहिला, असें म्हणून ह्या मुलाच्या पानांत कुरडई वाढूं नये.

बहुतेक माणसांस हें ग्लूटेन सुखानें पचतें. कांहींजणांच्या शरीराची घडण मात्र जन्मतःच अशी असते कीं, तें लहान आंतड्यांत गेलें कीं शरीराची संरक्षक शक्ति आपल्याच आंतड्यावर उलटते. आंतड्याच्या आंतल्या अंगास मखमलीच्या लवीसारखे जे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. अन्नांतील रस शोषून घेणारे ते हेच. ते गेले म्हणजे मूल पोटभर जेवूनही उपाशी राहतें. ह्या विकारास सीलिएक असें नांव आहे.

विकार जुना, कारण नवें

लंडनचा वैद्य सॅम्युएल गी यानें ह्या विकाराचें आधुनिक काळांतील पहिलें नीट वर्णन १८८८ सालीं प्रसिद्ध केलें. रोगी बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल, हें त्यानें ओळखलें होतें. पण आहारांतील कोणता पदार्थ घातक, हें त्यास उमगलें नव्हतें. पुढें १९२४ सालीं अमेरिकेंतील डॉ. सिडनी हास यांनीं केळ्यांचा आहार सुचविला, आणि त्यानें पुष्कळ मुलें सुधारलीं. श्रेय केळ्यांस मिळालें. वस्तुतः त्या आहारांत भाकर-पाव नव्हता, हा त्यांतला खरा गुण होता.

खरें कारण सिद्ध केलें तें हॉलंडमधील बालवैद्य विल्लेम डिके यांनीं. गव्हाविषयींचा त्यांचा संशय आधींचाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, महायुद्धाच्या अखेरीस, हॉलंडमध्यें भयंकर दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. सारें राष्ट्र उपासमारीनें वाळत असतां हीं विकारी मुलें मात्र सुधारूं लागलीं. आणि पाव पुन्हां मिळूं लागतांच पुन्हां आजारी पडलीं. डिके यांनीं आपला प्रबंध १९५० सालीं उट्रेख्टच्या विद्यापीठास सादर केला, आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनीं गव्हाचा दोष निश्चित ठरला.

आपल्या देशांत हा विकार नाहीं, अशी समजूत पुष्कळ वर्षें होती. ती खरी नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत उत्तर भारतांत शेंकडा सव्वा माणसांच्या सुमारास, तर भात खाणाऱ्या दक्षिणेंत हजारांत एखाद्यास हा विकार आढळला. आपला महाराष्ट्र दोहोंच्या मध्यें बसलेला. आपल्या पणज्यांच्या काळीं नाशिकच्या खेड्यापाड्यांतून बाजरी आणि नागली हेंच रोजचें अन्न होतें व गव्हाची पोळी सणाची. आतां पोळी दोन वेळची झाली, आणि मधल्या वेळीं बिस्किट, पाव, शेवया. जो दोष पूर्वीं शरीरांत झोंपलेला राही, त्यास आतां रोज जागें करणारें अन्न मिळतें.

परीक्षेपूर्वीं पथ्य नको

येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मुलाची वाढ खुंटली आहे, पोट फुगतें, वारंवार ढाळ होतात. अथवा घरांतील सुनेस लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त भरत नाहीं, तोंड येतें, थकवा जात नाहीं. अशीं लक्षणें दिसलीं म्हणजे शेजारणीच्या सांगण्यावरून गहूं बंद करण्याची घाई करूं नये. ह्या विकाराची परीक्षा रक्तांतील विशिष्ट प्रतिद्रव्यावरून आणि पुढें दुर्बिणीच्या साह्यानें आंतड्याचा बारीकसा तुकडा काढून करतात. आणि रोगी गहूं खात असतांनाच ती खरी उतरते. आधींच गहूं सोडला तर रक्त निर्दोष दिसतें, विकार लपतो आणि आयुष्यभर संशय राहतो. आधीं परीक्षा, मग पथ्य, हा क्रम मोडूं नये.

उलटपक्षीं, हल्लीं फॅशन म्हणून निरोगी माणसेंही गहूं टाकूं लागलीं आहेत. त्यांच्यासाठीं हा लेख नाहीं. ज्यास गहूं पचतो त्यानें तो आनंदानें खावा. मात्र एकदां घरांत एकाचा विकार निश्चित ठरला कीं आईबाप, सख्खीं भावंडें आणि मुलें यांनींही रक्ताची परीक्षा करून घ्यावी. कारण जवळच्या रक्ताच्या नात्यांत ह्याचें प्रमाण इतरांहून बरेंच अधिक असतें. एकत्र कुटुंबांत ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

गहूं कोठें कोठें लपतो?

पोळी, पाव, रवा, शेवया आणि मैद्याचे पदार्थ बंद करणें सोपें आहे. कठीण आहे तें लपलेला गहूं शोधणें. आपल्या स्वयंपाकघरांत त्याचीं ठिकाणें पुढीलप्रमाणें आहेत.

पहिलें ठिकाण हिंग. हें ऐकून कित्येक भगिनींस आश्चर्य वाटेल. इराण-अफगाणिस्तानांतून येणारा अस्सल हिंग हा झाडाच्या मुळाचा वाळलेला चीक असून तो अतिशय उग्र असतो. म्हणून बाजारांत येतो तो बहुधा बांधणीचा हिंग. त्यांत डिंक आणि पीठ मिसळलेलें असतें, आणि तें पीठ पुष्कळदां मैद्याचें असतें. सार, कढण, कढी, आमटी, सर्वांच्या फोडणींत हिंग! मुलाची पोळी बंद करूनही त्याचें पोट सुधारत नाहीं, ह्याचें कारण कित्येक घरांत त्या इवल्याशा डबींत असूं शकतें. डबीवरील घटक वाचावे. तांदळाच्या पिठांत बांधलेला हिंगही मिळतो, तो घ्यावा. संशय असेल तर हिंग सरळ वगळावा. जिरें, मेथीचे चार दाणे, कढिलिंब आणि आलें यांनीं फोडणी उणी वाटत नाहीं. तयार गोड्या मसाल्यांतही हिंग असतो, हें विसरूं नये.

दुसरें ठिकाण मेतकूट, भाजणी आणि सातूचें पीठ. आपल्या परंपरेच्या मेतकुटांत डाळ-तांदळाबरोबर गहूंही भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणींतही पुष्कळ घरीं गहूं असतात. सातूच्या पिठांत गहूं असतात, आणि मूळ सातू म्हणजे तर जवच. तापकऱ्यास जवाचें पाणी द्यावयाची जी जुनी चाल आहे, ती ह्या रोग्याच्या बाबतींत सर्वस्वीं वर्ज्य.

तिसरें ठिकाण पिठाची गिरणी. नाशिक जिल्हा गव्हाचा. निफाडच्या संशोधन केंद्रांत तर गव्हाच्या नव्या जातीच निपजतात. साहजिकच कोपऱ्यावरील गिरणींत दिवसभर गहूंच दळले जातात. त्यांच्यामागून आपले तांदूळ किंवा नागली घातली कीं पहिल्या पिठांत मागचा गहूं हमखास उतरतो. अन्नसुरक्षेचा नियम असा आहे कीं, ज्या पदार्थावर ग्लूटेनविरहित असें लिहावयाचें, त्याच्या एका किलोंत ग्लूटेन वीस मिलिग्रॅमहून अधिक असतां कामा नये. गव्हाच्या पिठांत सुमारें दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर किलोभर पिठांत गव्हाच्या पिठाची एक लहानशी चिमूट पडली तरी मर्यादा गांठली जाते. गिरणींत पडतें तें चिमटीहून कितीतरी अधिक. म्हणून तांदूळ, नागली, हरभऱ्याची डाळ घरींच निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर दळावीं, किंवा माळ्यावरचें जुनें जातें खालीं काढून तें ह्याच कामास राखावें. सारास पीठ लागतें तें चमचा-दोन चमचे. त्यासाठीं गिरणीची पायरी चढण्याचें कारण नाहीं.

चौथें ठिकाण आपलाच हात. पोळी मोडलेल्या हातानें तुपाच्या वाटींत घातलेला चमचा, लोणच्याच्या बरणींत गेलेली पोळीची चिमूट, कणकेच्या परातींतच धुतलेली भाजी, पुऱ्या तळलेल्या तेलांतच तळलेला पापड, ह्या सर्व वाटांनीं गहूं पानांत येतो.

सोवळें नवें, हेतु नवा

हें वाचून एखादी भगिनी म्हणेल, इतकें कोणास जमणार? त्यास उत्तर असें कीं, आपल्या आज्यांस तें रोज जमत होतें. सोवळ्याचें पाणी वेगळें, त्याची कळशी वेगळी, पळी वेगळी, स्वयंपाकाचा क्रम ठरलेला. शिवाशिव झाली तर पुन्हां हात धुवावयाचे. त्या शिस्तीचा हेतु आज कोणास पटो वा न पटो, शिस्त मात्र आपल्या हाडींमाशीं खिळलेली आहे. तीच आतां एका आजारी मुलाच्या रक्षणास लावावयाची. पथ्याचें पातेलें, पळी, गाळणी आणि लांकडी चमचा निराळा ठेवावा, आणि त्यास लाल दोऱ्याची खूण करावी. जुन्या लांकडी चमच्याच्या भेगांत कणीक राहते, म्हणून तो नवाच आणावा. पथ्याचा स्वयंपाक सकाळीं आधीं करून झाकून ठेवावा व मग कणीक मळावी, म्हणजे पिठाची धूळ त्यावर बसणार नाहीं. तूप व लोणचें यांची एक लहान बरणी मुलासाठीं वेगळी भरून ठेवावी.

फक्त एका गोष्टीची जाणीव असावी. सोवळें पाळावयाचें तें भांड्यांनीं. मुलास ओवळें ठरवावयाचें नाहीं. त्याचें ताट कोपऱ्यांत मांडूं नये. दोष गव्हांत आहे, मुलांत नाहीं, हें त्याच्या मनावर ठसलें पाहिजे. ह्याविषयीं पुढें आणखी लिहावयाचें आहे; तूर्त पातेल्याकडे वळूं.

आपलीं सारें आधींचींच निर्दोष

सुपास मैद्याचा दाटपणा देण्याची चाल पाश्चात्त्य. लोण्यावर मैदा परतून त्यांत रस्सा घालावयाचा, ही त्यांची रीत. आपल्या पाकशास्त्रांत दाटपणा येतो तो तांदूळ, डाळ, नारळ, बेसन आणि ताक यांनीं. आयुर्वेदांत तर आजाऱ्याच्या पेयांची शिडीच सांगितली आहे. शार्ङ्गधरसंहितेंत विलेपीस चौपट, यवागूस सहापट आणि मंडास चौदापट पाणी सांगितलें आहे. आणि डाळीचा यूष तो निराळाच. चरकसंहितेंत अठ्ठावीस प्रकारच्या यवागूंचें वर्णन आहे. यवागूच्या नांवांत यव म्हणजे जव असला, तरी आपल्या घरीं ती पिढ्यान्‌पिढ्या तांदळाचीच होत आली आहे. तेव्हां ह्या मुलासाठीं परदेशाहून कांहीं आणावयाचें नाहीं. आजीचा डबा उघडावयाचा, एवढेंच.

आतां कृति देतों. सर्व प्रमाणें चार माणसांपुरतीं आहेत.

भाज्यांची निवळ. ही सर्व सुपांची जननी. दोन लिटर पाण्यांत दोन गाजरें, सालीसकट अर्धा दुध्या, दोन टोमॅटो, एक कांदा, कोथिंबिरीच्या मूठभर काड्या, इंचभर आलें, दहा मिरें आणि दोन तमालपत्रें घालावीं. चातुर्मासांत कांदा वर्ज्य असेल तर दुध्या थोडा अधिक घ्यावा. उकळी येतांच आंच मंद करून, झांकण किंचित् उघडें ठेवून, चाळीस मिनिटें शिजूं द्यावें. ढवळूं नये, म्हणजे निवळ स्वच्छ राहते. कोबी, फ्लॉवर आणि मेथी घालूं नये. पहिल्या दोहोंनीं उग्र वास येतो व मेथीनें कडवटपणा. खालीं उतरून दहा मिनिटांनीं गाळावें. मीठ आतां घालूं नये. ज्या सारांत निवळ पडेल त्याच्या चवीप्रमाणें घालावें. पसरट भांड्यांत लवकर निववून फ्रीजमध्यें ठेवल्यास ती तीन दिवस टिकते, आणि बर्फाच्या साच्यांत गोठवून ठेवल्यास महिनाभर हाताशीं असते. तयार वड्यांची मग आठवणही होत नाहीं.

मुगाचें कढण. अर्धी वाटी हिरवे मूग कोरडेच खमंग भाजावे, सहा वाट्या पाण्यांत मऊ शिजवावे, घोटून गाळावे. एक चमचा तुपांत जिरें, मिरपूड व आलें यांची फोडणी देऊन सैंधव व दोन आमसुलें घालावीं. निदान नुकतेंच झालें आहे व पोट नाजूक आहे, अशा दिवसांत ह्यासारखें दुसरें अन्न नाहीं. पहिल्या कांहीं आठवड्यांत अशा रोग्यास दूधही पचत नाहीं, कारण दुधांतील साखर पचविणारें द्रव्यही त्या झिजलेल्या अंकुरांतच असतें. अंकुर भरून आले कीं दूध बहुधा पुन्हां सोसूं लागतें.

टोमॅटोचें सार. पिंपळगांवच्या बाजाराचा टोमॅटो आपल्या दारांत येतो, त्याचें सोनें करावें. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो उकडून, गाळून घ्यावे. त्यांत तीन वाट्या निवळ घालावी. एक मोठा चमचा तांदळाची पिठी अर्धी वाटी थंड निवळींत कालवून मग उकळत्या सारांत धार धरून ओतावी व ढवळीत राहावें. पिठी थेट गरम पाण्यांत टाकली तर कणाचें बाहेरचें अंग तत्काळ फुगतें, आंत कोरडें पीठ अडकतें आणि गुठळ्या होतात. थंडांत कालवण्याचें मर्म हें. पांच मिनिटें उकळून मीठ, गूळ व तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी. नारळाचें दूध घालावयाचें असल्यास तें शेवटीं घालून केवळ गरम करावें. खळखळ उकळल्यास तें फुटतें.

नागलीचें आंबील. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक ह्या आपल्याच डोंगराळ तालुक्यांची नागली गंगापूर रोडवरील बंगल्यांतून फारशी शिजत नाहीं, ही खेदाची गोष्ट. दोन मोठे चमचे घरीं दळलेलें नागलीचें पीठ अर्धी वाटी थंड पाण्यांत कालवून चार वाट्या उकळत्या निवळींत सोडावें व आठ मिनिटें ढवळीत शिजवावें. खालीं उतरून कोमट झाल्यावर वाटीभर ताक, मीठ व ठेंचलेलें आलें-जिरें मिसळावें. गहूं गेल्यानें आहारांत जी उणीव येते, ती भरून काढण्यास हें धान्य फार उपयोगी. त्यांत चुना म्हणजे कॅल्शियम विपुल असतें, आणि ह्या मुलांचीं हाडें बहुधा कच्चीं राहिलेलीं असतात.

हुलग्याचें माडगें. वाटीभर हुलगे भाजून, भरडून त्यांचें पीठ करावें. त्यांतलें तीन चमचे पीठ थंड पाण्यांत कालवून पांच वाट्या निवळींत शिजवावें. लसूण चालत असल्यास तुपांत परतून घालावा. आमसूल व मीठ चवीप्रमाणें. पावसाळी सर्दींत हें माडगें सर्व घरासच प्रिय होतें.

कटाची आमटी. पुरण घालावयाच्या दिवशीं हा मुलगा हिरमुसला होतो, हें खरें. त्यासाठीं वाटीभर हरभऱ्याची डाळ पांच वाट्या पाण्यांत शिजवून वरचा कट आधींच वेगळा काढावा. पुरणाची कणीक त्यानंतर भिजवावी. कटांत दोन चमचे घोटलेली डाळ, चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेलें सुकें खोबरें व जिरें वाटून घालावें. मसाला घरचा व हिंगावांचून. सारें घर जी आमटी भुरकतें, तीच त्याच्या वाटींत पडली म्हणजे त्याचा सण साजरा झाला. पुरण तर त्याला चालतेंच. तें तांदळाच्या पिठाच्या उकडींत भरून दिलें कीं पोळीची आठवणही फिकी पडते.

लाल भोपळा, बटाटा, शिजलेली डाळ, दाण्याचें कूट, राजगिऱ्याचें पीठ, हीं सर्व दाटपणा आणणारीं द्रव्यें आपल्याजवळ आहेत. उपवासाच्या फडताळांतील वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा तर स्वभावतःच गव्हापासून मुक्त. दुकानांत ग्लूटेनविरहित म्हणून जीं महाग पाकिटें मिळतात, त्यांचा मोह धरण्यापूर्वीं गृहिणीनें एकदां आपलें एकादशीचें फडताळ उघडून पाहावें.

एका घांसानें काय होतें?

आतां जो विषय वर अर्धा सोडला होता, त्याकडे वळतों. पातेलें वेगळें करणें ही सोपी गोष्ट. घरच्यांचीं मनें वळविणें ही कठीण. एकत्र कुटुंबांत प्रेम करणारे हात पुष्कळ असतात, आणि पथ्य मोडतें तें बहुधा प्रेमानेंच. देवाचा प्रसाद आहे, नाहीं म्हणूं नये. एवढ्याशा शिऱ्यानें काय होतें. आमच्या वेळीं असले रोग नव्हते. असें म्हणून आजी, मावशी, शेजारीणकाकू मुलाच्या हातावर घांस ठेवतात. मूल तो खातें, त्यास कांहींही होत नाहीं, आणि सर्वांस वाटतें कीं डॉक्टरांनींच बाऊ केला. हाच ह्या विकाराचा कावा. पोट न दुखतांही आंतले अंकुर पुन्हां झिजूं लागतात. तक्रार नाहीं म्हणजे इजा नाहीं, असें मुळींच नव्हे. दर आठवड्यास एक घांस, असें वर्षभर चाललें तर उंची थांबते, रक्त आटतें, हाडें ठिसूळ होतात, आणि ज्या आजीनें घांस भरविला तीच पुढें नवस बोलत बसते. वडील मंडळींस आमची हात जोडून विनंती आहे कीं, आपलें प्रेम प्रसादाच्या शिऱ्याऐवजीं पंचामृतानें, उकडीच्या मोदकानें, राजगिऱ्याच्या लाडवानें व्यक्त करावें. देवास ह्या नैवेद्याचें वावडें नाहीं.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. विकार मुलीस असला म्हणजे तो झांकण्याकडे घरच्यांचा कल होतो. स्थळ मोडेल ही भीति. मग लग्न होऊन सासरीं गेलेली मुलगी संकोचानें पोळी खाते, गुपचुप आजारी पडते, गर्भ राहण्यास वा टिकण्यास अडचण येते, आणि दोष तिच्या दैवास लागतो. पथ्य पाळलें असतां ती इतर कोणत्याही मुलीसारखीच निरोगी राहून संसार करूं शकते. हें सत्य लपविण्यांत तिचें रक्षण नाहीं. बोलणीं चाललीं असतांनाच तें उघड सांगावें. जें घर एका पातेल्याची वेगळी सोय करण्यास नाखूष असेल, तें घर आपल्या मुलीस पुढें कोणत्या प्रसंगीं सांभाळणार होतें?

आणि सासूच्या बाजूनेंही एक शब्द. सून आपल्या हातानें आपलें वेगळें पातेलें ठेवूं लागली कीं तो घर फोडण्याचा आरंभ आहे, असें मनांत आणूं नये. त्यावर साधा उपाय असा कीं, तिचें सार तें सर्वांचें सार करावें. निवळ एकच, आमटी एकच, कढण एकच. हिंग सर्व घराचाच बदलला कीं संपलें. पोळी खाणाऱ्यांनीं पोळी घ्यावी, तिनें भात किंवा भाकरी घ्यावी. वाटीतलें मात्र सर्वांचें सारखें. असें केलें म्हणजे आजाऱ्यासाठीं दुसरा स्वयंपाक करण्याचे श्रम वांचतात, वाढतांना चूक होण्याचा संभव कमी होतो, आणि पंक्तींत बसलेल्या त्या एका जिवास आपण सर्वांस जड झालों आहोंत असें वाटत नाहीं. गव्हावांचून चालणारें स्वयंपाकघर आपणांस नवें उभारावयाचें नाहीं. तें आपल्या घरांत होतेंच. येत्या आठवड्यांत एकदां निवळ करून पाहावी, आणि फोडणीस हात घालण्यापूर्वीं हिंगाची डबी उलटी करून वाचावी, एवढी वाचकभगिनींस विनंती.